घोट्याएवढा समुद्र

ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात त्यांना पाणबुडे म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. काचेचं दार ढकलून कुणी नवराबायको आत आले आणि म्हणाले, समुद्रावरचं हॉटेल हवंय, रंगीत मासे बघायचेत, पण बोटीने लांब जायचं नाही, की मालक आतून ओरडायचे, "पाणबुडे, तुमचं गिऱ्हाईक आलं!" मग पाणबुडे चष्मा कपाळावर चढवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि सुरू व्हायचे.

माणूस कामाला पक्का, यात वादच नाही. कुठल्या हॉटेलचा किनारा वाळूचा, कुठला दगडांचा, कुठे पाण्यात शिरताना पायाखाली शेवाळ येतं, कुठल्या खोलीतून समुद्र दिसतो आणि कुठल्या खोलीतून स्वयंपाकघराचा पत्रा, सगळं तोंडपाठ. म्हातारी माणसं असली तर तळमजला, लहान पोरं असली तर उथळ पाणी, नवं लग्न असलं तर अगदी टोकाची खोली. सगळं मन लावून करायचे. पण एवढ्यावर थांबतील तर पाणबुडे कसले! सगळं सांगून झालं की टेबलावर पुढे झुकायचे, आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "हे मी कागदावरचं वाचून सांगत नाही हं. मी स्वतः उतरलोय." झालं! गिऱ्हाईक तिथेच गार.

खरी गोष्ट अशी, की हा गृहस्थ समुद्रात घोट्याच्या वर कधी गेलाच नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना हॉटेलं बघायला पाठवलं होतं. या धंद्यात हॉटेलं बघतात कशी, तर वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं एका गाडीत कोंबायची आणि दिवसभर या हॉटेलातून त्या हॉटेलात फिरवायची. उतरा, सरबत प्या, गादी दाबून बघा, नळ सोडून बघा, जेवणाच्या टेबलांवरून नजर फिरवा, चढा गाडीत. समुद्र खिडकीतून दिसेल तेवढाच. बूट काढायला वेळ कुणाला असतो! एका हॉटेलापाशी मात्र लाकडी धक्का होता. ड्रायव्हर चहाला गेला होता, तेवढ्यात पाणबुडे धक्क्याच्या टोकाला जाऊन शेवटच्या पायरीवर उभे राहिले. पॅन्ट दुमडली, एक पाय पाण्यात घातला, आणि बघतात तर काय, खाली निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे नुसते खदखदत होते. हात घातला तर बोटाला लागतील इतके जवळ. पाणबुडे खुळावलेच. मागे हॉटेलचा स्वयंपाकी टोपलीतून शिळ्या पावाचे तुकडे पाण्यात टाकत उभा होता. तो त्यांना दिसला, पण दिसून उपयोग काय? मासे पावासाठी येतात, समुद्र तिथे रिकामाच आहे, हे काही डोक्यात शिरलं नाही.

परत आल्यावर एक जोडपं "हे घेऊ की ते घेऊ" करत तास खात बसलं होतं. पाणबुड्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी स्वतः उतरलोय तिथे." पाय तर उतरला होता, त्यामुळे त्या दिवशी त्यांना ते खोटं वाटलंही नाही. पुढे वर्षं गेली तसा तो पाय पाण्यात आणखी खोल खोल गेला. आधी गुडघा बुडाला, मग कंबर, आणि मग पाणबुडे तोंडावर मास्क लावून, दातांत नळी धरून तासभर पालथे तरंगू लागले. सगळं ऑफिसच्या खुर्चीत बसून! एखादं गिऱ्हाईक परत येऊन कुरकुरलं, की मासे काही फारसे दिसले नाहीत बुवा, तर पाणबुडे भुवया उंचावून विचारायचे, "गेलात केव्हा? भरतीला की ओहोटीला?" तो माणूस गोंधळायचा. "अरेरे, ओहोटीला गेलात होय!" असं म्हणून पाणबुडे अशी काही मान हलवायचे, की आपलंच चुकलं असं वाटून बिचारा पुढची सहल ठरवूनच जायचा.

घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. "न्हाणीघरात बादली कलंडली तर स्टुलावर चढून बसणारा माणूस हा," ती म्हणायची, "आणि म्हणे स्वतः उतरलोय!" पण हे ती चारचौघांत कधी बोलली नाही. मुलीला तर मुळीच नाही. मुलगी लहानपणापासून बापाचा समुद्र ऐकत वाढली होती आणि सासरी जाऊन तिने तो सगळ्यांना ऐकवला होता.

आणि इथेच पाणबुडे अडकले.

मुलीच्या सासूबाई, म्हणजे यांच्या विहीणबाई, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होत्या. फळ्यावर खडूने मासे काढायच्या, कल्ले दाखवायच्या, पर दाखवायच्या. जिवंत रंगीत मासा पाहिला तो दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत, तेवढाच. निवृत्त झाल्या आणि त्यांच्या डोळ्यामागचा पडदा झिजायला लागला. डॉक्टर म्हणाले, समोरचं, मधलं दिसणं हळूहळू धूसर होत जाईल, थांबवता येणार नाही. डोळे भरून काही बघायचं राहिलं असेल तर या वर्षात बघून घ्या. हे त्यांनी व्याह्यांकडे जेवायला आल्या असताना सांगितलं, वाढून घेताना, अगदी साध्या आवाजात.

"मला समुद्रातले मासे बघायचेत," त्या म्हणाल्या. "बोटीत मला ओकाऱ्या होतात, खोल पाण्यात उडी मारणं या वयात होणार नाही. चालत पाण्यात शिरलं, मान खाली घातली, की दिसले पाहिजेत. असं कुठे आहे, व्याही?"

पाणबुड्यांना अशी दोन-तीन हॉटेलं खरोखर माहीत होती. पट्टीच्या पोहणाऱ्या गिऱ्हाइकांनी परत येऊन सांगितलेली, खात्रीची. त्यातलं एक त्यांनी सुचवलंही. पण विहीणबाई मान हलवत राहिल्या. "ते नको. तुम्ही जिथे उतरला होतात तेच सांगा. मला ऐकीव नको. घरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलंय, तिथेच जाऊ."

मुलगी कौतुकाने बापाकडे बघत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिचं बघणं वेगळं. त्या क्षणी "अहो, मी काही उतरलो नाही, नुसता पाय बुडवला होता" असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? सगळे हसले असते, दोन दिवस चिडवलं असतं, संपलं असतं. पाणबुडे म्हणाले, "बरं, तेच करू. सोडा माझ्यावर."

बायकोने बरोबर यायला साफ नकार दिला. "तुमचं पितळ उघडं पडणार ते बघायला मी कशाला येऊ?" जावयाला रजा मिळाली नाही. निघाले ते चौघं: विहीणबाई, त्यांचे यजमान, मुलगी आणि पाणबुडे. यजमान निवृत्त ऑडिटर, हॉटेलच्या साबणाच्या वेष्टणावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचून काढणारा माणूस. मुलीला पाचवा महिना लागलेला, म्हणून तिला पाण्यात उतरायची बंदी. विहीणबाईंनी आपल्या चष्म्याच्या नंबरच्या काचा बसवलेला मास्क खास करून घेतला होता. विमानात तो त्यांनी पर्समध्येही ठेवला नाही, मांडीवर घेऊन बसल्या.

हॉटेलवर पोचल्या पोचल्या पाणबुडे किनाऱ्यावर धावले. धक्का नव्हताच. पाण्यातून चार कुजके खांब डोकी वर काढून उभे होते. स्वयंपाकी नव्हता, पाव नव्हता आणि मासेही नव्हते. लांबवर नुसती पांढरी वाळू आणि तिच्यावर स्वच्छ, उथळ, रिकामं पाणी.

मागे वळून येतात तर ऑडिटरसाहेब स्वागतकक्षातल्या फळ्यासमोर उभे. "व्याही, हे बघितलंत का? 'मासे बघण्यासाठी गाडी, रोज सकाळी, टेकडीपलीकडचा किनारा.' मासे इथे आहेत तर मग गाडी कशाला?"

देवाने आणखी एक संधी दिली होती म्हणायची! पण जीभ आपली सवयीची. "ती नवख्या लोकांसाठी," पाणबुडे म्हणाले. "तिकडे नुसती गर्दी असते हो. पाय ठेवायला जागा नाही."

"असं होय," ऑडिटरसाहेब म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही. जन्मभर लोकांच्या वह्या उलट्यापालट्या करणाऱ्या माणसाने व्याह्यांचा शब्द तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई पाण्यात शिरल्या. पाणबुड्यांनी पाठीत उसण भरल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे पोहायचा प्रश्न मिटला, पण कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांचा हात धरायचं काम आलंच. पाणबुडे उभे राहिले. लाट आली की डोळे मिटायचे. किनाऱ्यावरून मुलगी ओरडत होती, "बाबा, इकडे बघा, फोटो!" विहीणबाईंनी मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि शहाण्या मुलीसारख्या पालथ्या तरंगू लागल्या. बऱ्याच वेळाने मान वर काढली.

"आहेत का हो? मला नुसतं पांढरं दिसतंय."

"आहेत ना," पाणबुडे म्हणाले. "आत्ता एक पिवळा गेला की तुमच्या डावीकडून."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना स्वतःलाच तो ऐकू आला. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, सहज. विहीणबाईंनी पटकन मान परत पाण्यात घातली. डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या. त्यांची बोटं पाणबुड्यांचा हात घट्ट धरून होती. मग त्यांनी डोकं वर काढलं, मास्क काढला, डोळे चोळले आणि काचा पदराने पुसाव्या तशा अंगातल्या ओल्या सदऱ्याने पुसल्या. पुन्हा बघितलं. "गेला का?" त्यांनी विचारलं. "गेला," पाणबुडे म्हणाले.

दुपारी त्या परत उतरल्या. संध्याकाळी ऊन उतरताना पुन्हा. पाणबुड्यांनी काय काय कारणं सांगितली! पाणी ढवळलंय म्हणाले, ओहोटी लागलीय म्हणाले, उद्या सकाळी बघा कसे झुंडीने येतात म्हणाले. विहीणबाई सगळ्याला मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्षच नव्हतं. पुढच्या सकाळी मुलीने मास्क आणून दिला तर म्हणाल्या, "राहू दे गं. वाळूत बसते जरा." मास्क त्यांनी हाताने बाजूला सारला. पाणबुड्यांना सुटल्यासारखं वाटलं. हो, खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंच वाटलं! आता दोन जेवणं आणि एक रात्र ढकलली की विमान. मग घरी जाऊन ओहोटीवर ढकलायचं.

जेवणानंतर ते आपल्या खोलीकडे निघाले होते. वाटेत व्याह्यांच्या खोलीचा व्हरांडा लागतो. वेलीची जाळी होती, तिच्याआडून आवाज आले म्हणून पाणबुडे थबकले.

विहीणबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, एक डोळा तळहाताने झाकून. ऑडिटरसाहेब समोर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते आणि त्यांनी हात वर धरला होता.

"किती?"

"तीन."

"आता?"

"दोन. अहो, अंगठा आत घ्या नीट."

"बरोबर आहे की सगळं! मग दिसतंय तुला. उगाच घाबरतेस."

"मग मासे का दिसत नाहीत?" विहीणबाई म्हणाल्या. "व्याह्यांना उघड्या डोळ्यांनी वरून दिसला. मी काच लावून, नाक पाण्याला लावून बघत होते. डॉक्टर म्हणाले होते मधलं आधी जातं. मधलं गेलंय माझं. रंग गेलेत. मी मुलाला फोनवर सांगितलं नाही अजून. तुम्हीही सांगू नका."

ऑडिटरसाहेबांनी परत बोटं वर केली. "किती?" त्यांचा आवाज चिरकला होता. एवढा करडा माणूस, पण हात खाली घ्यायलाच तयार नव्हता.

लोकांच्या सुट्ट्या थोड्या पातळ केल्या असतील, दोन-चार फोटो हुकले असतील, एवढाच आपला गुन्हा असं पाणबुडे मनात धरून होते. आणि इथे एका बाईला त्यांनी धडधडीत आंधळी करून खुर्चीत बसवलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तसेच परत फिरावं, असंही वाटलं. पाय दोन पावलं मागे गेलेसुद्धा. मग ऑडिटरसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, "आता किती?" आणि पाणबुडे जाळी ओलांडून आत शिरले.

"विहीणबाई, इथे मासे नाहीत."

विहीणबाईंनी डोळ्यावरचा हात काढला.

"अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, पिवळा गेला?"

"नाही गेला. काहीच गेलं नाही. खाली नुसती वाळू आहे. पूर्वी इथे धक्का होता, स्वयंपाकी पाव टाकायचा म्हणून मासे गोळा व्हायचे. मी पायरीवरून बघितले. मी कधी उतरलोच नाही. मला पोहता येत नाही, माझी पाठही दुखत नाही. ऑफिसात बोलून बोलून सवय झाली, आणि मग तुमच्यासमोर..."

विहीणबाई उठल्या आणि अगदी जवळ आल्या. "म्हणजे मला पांढरं दिसलं ते वाळू होती?"

"वाळूच होती."

"नुसती वाळू?"

"नुसती वाळू."

आणि त्या हसायला लागल्या. मोठ्याने, लहान पोरीसारख्या. "अहो ऐकलंत का, वाळू होती ती! मला वाळू दिसत होती! कण न् कण दिसत होता हो!" त्यांनी पाणबुड्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "फार बरं झालं सांगितलंत. देवासारखे आलात बघा." त्यांनी मनापासून आभार मानले. शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तरी पाणबुड्यांनी गाल पुढे केला असता. पण ते आभार घ्यायचे कुठे आणि ठेवायचे कुठे? ते मान खाली घालून लादीकडे बघत उभे राहिले.

ऑडिटरसाहेब हळूच म्हणाले, "फळा मी वाचला होता." एवढंच. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

मागे पावलं वाजली. सासूसाठी सरबताचा ग्लास घेऊन मुलगी व्हरांड्याच्या पायरीवर उभी होती. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिने ग्लास टेबलावर ठेवला, बापाकडे बघितलंही नाही आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी विमान दुपारचं होतं. सकाळी हॉटेलची गाडी सगळ्यांना टेकडीपलीकडे घेऊन गेली. गर्दी कसली नि काय, पाच-सात माणसं होती. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्याचा रंग एकदम गडद झाला होता. तिथल्या मास्क वाटणाऱ्या माणसाने विहीणबाईंचा हात धरला. निघताना त्या पाणबुड्यांना म्हणाल्या, "चला की, तुम्हीही बघा." पाणबुड्यांनी मान हलवून नको म्हटलं. ऑडिटरसाहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले, बायकोची टोपी हातात धरून. पाणबुडे वर वाळूत सगळ्यांच्या चपला राखत बसले.

विहीणबाई लवकर बाहेर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा गालांवर मास्कचे लाल वळ उठले होते आणि ओठ निळे पडले होते. धापा टाकत थेट पाणबुड्यांपाशी आल्या. राग नाही, टोमणा नाही, सांगायची नुसती घाई.

"व्याही, आवाजाचं कधी बोलला नाहीत तुम्ही! ते दगड कुरतडतात हो. पोपटासारखी चोच असते ना त्यांना, कटाकटा चावतात आणि सगळं ऐकू येतं पाण्यात. मी इतकी वर्षं चोच शिकवली, आवाज होतो हे मलाच ठाऊक नव्हतं." मग त्यांना आठवलं, समोरचा माणूस कोण आहे ते. त्या एकदम ओशाळल्या, जणू आपणच काही लागेलसं बोललो. "म्हणजे, तुम्हाला तरी कसं ठाऊक असणार म्हणा," असं काहीतरी पुटपुटल्या आणि नवऱ्याला सांगायला पुन्हा पाण्याकडे वळल्या.

आपल्यामुळे त्यांना ओशाळावं लागलं, याने पाणबुड्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मुलगी बाजूला उभी होती. कालपासून ती बापाशी कामापुरतंच बोलली होती. आता ती खाली वाकून जवळ बसली.

"बाबा, आईला माहीत होतं?"

"हो."

"म्हणून ती आली नाही."

"हो."

मुलीने पाण्याकडे बघितलं. सासूबाई हातवारे करून चोच दाखवत होत्या आणि ऑडिटरसाहेब गुडघाभर पाण्यात हसत होते.

"एक खरं सांगाल? काल तुम्ही त्यांना ती बोटं मोजताना बघितलं नसतं, तर बोलला असतात?"

पाणबुड्यांच्या जिभेवर "हो" तयार होतं. "म्हणजे काय, बोललोच असतो, आज सकाळी सांगणारच होतो," हेही तयार होतं. दोन-तीन गोड वाक्यं रांगेत उभी होती. ते सगळं त्यांनी गिळलं.

"नाही," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली, वाळूतला टॉवेल उचलून झटकला आणि सासूच्या अंगावर घालायला पाण्याकडे गेली.